मदत हवी आहे: २५ फ्रेमची डीसीपी आणि मराठी सबटायटल
५२ मिनिटांचा अहिराणी माहितीपट मिफला, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पाठवायचाय. २०२४ पासून तिथे डॉक फिल्म बाजार (माहितीपटांची बाजारपेठ) आहे, रफ कटसाठी, म्हणजे कच्च्या संकलनासाठी, वर्क-इन-प्रोग्रेस लॅबही. पण डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची फिल्मची डिजिटल प्रत, शेवटी आपलीच आपण करायची!

शूट सेकंदाला २५ फ्रेमचं. डीसीपी-ओ-मॅटिक या डीसीपी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसएमपीटीई (डीसीपीचं नवं मानक) निवडलं तर २५ राहतात. इंटरऑपला (जुनं मानक) २४ करावे लागतात. मग लांबी ५४ मिनिटं १० सेकंद होते आणि आवाज किंचित जाडा होतो.

मराठी सबटायटल वेगळ्या फाइलीत दिली की थिएटरातल्या काही सर्व्हरवर (डीसीपी चालवणारं यंत्र) जोडाक्षरं फुटतात, 'क्षेत्र'चं 'क् षेत् र' दिसतं. चित्रातच बसवली तर इंग्रजीसाठी दुसरी डीसीपी लागते.

महोत्सवांच्या पडद्यांवर २५ फ्रेमची एसएमपीटीई कुणी चालवलीय का? की सरळ २४ करावं? आणि सबटायटल प्रतिमा म्हणून, म्हणजे पीएनजी करून, दिली तर जोडाक्षरं टिकतात का?