सिक्वोया पार्क, आईचे गुडघे आणि चढ

पुण्याहून आईबाबा आलेत, जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया नॅशनल पार्कला न्यायचंय पण आईचे गुडघे दुखतात, जमेल का?

— नक्की न्या! तिथलं जनरल शर्मन नावाचं महाकाय सिक्वोया झाड जवळपास ८४ मीटर उंच, समोर उभं राहिलं की बोलायलाच सुचत नाही. फक्त मेन पार्किंगपासून पायऱ्या उतरून जावं लागतं आणि परत येताना चढ, त्यात उंची २१०० मीटरच्या आसपास म्हणून दम लागतो.

— काकूंना पायऱ्या नकोत, उन्हाळ्यात फुकट शटल असते, ती खालच्या सोप्या वाटेपाशी सोडते.

— सिक्वोया झाडांच्या बुंध्यांवरचे काळे डाग बाबांना नक्की दाखवा, आगीचे आहेत. आगीच्या धगीने यांची फळं उघडून बिया पडतात. तरी २०२१च्या वणव्यात शर्मनच्या बुंध्याला आगीपासून वाचवायला फॉइल गुंडाळलेलं, फोटो बघून पोटात गोळाच आलेला.