चार पेपर, चहा-बिस्किटं आणि शून्य उपयोग?

वाळव्याचा गडी
काल लेकीच्या कॉलेजात संशोधन दिवस होता. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, सगळीकडं हेच चालतं. चार प्राध्यापक, चार पेपर. पहिला गणिताचा, 'स्थिर बिंदू' म्हणे. फळा भरला, पण एकही पोरगं जागं नव्हतं. दुसऱ्या मॅडमचा विषय निबंध कसा शिकवावा. तिसरा ऊसतोड बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे. चौथ्यात हळदीनं कॅन्सरच्या पेशी मरत होत्या. मग चहा-बिस्किटं, शाल, फोटो. इकडं पोरांचा सिलॅबस अर्धा राहिलाय. यातल्या एकाचा तरी उपयोग सांगा, शब्द मागं घेतो.

बेरीज वजाबाकी, सातारा
गप्प बसणार होतो, पण 'एकही पोरगं जागं नव्हतं' हे झोंबलं. मी गणितच शिकवतो, बावीस वर्षं. तुम्ही झोपला होता की ऐकत होता ते माहीत नाही, म्हणून सांगतो. सातारा जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि राजवाड्यासमोर रस्त्यावर पसरा. सरळ नको तर चुरगाळून टाका. त्या नकाशावरचा एक बिंदू असा असतो की तो जी जागा दाखवतो, बरोब्बर त्याच जागेवर तो पडलेला असतो. हाच तो स्थिर बिंदू. असा एक असतोच, आणि एकच असतो. बानाख नावाच्या पोलिश माणसानं १९२२ साली हे सिद्ध केलं. समीकरणाला उत्तर आहे की नाही, हे उत्तर सापडण्याआधी सांगता येतं ते या जातीच्या प्रमेयांमुळं. तुम्हाला उपयोग म्हणजे उसाला मिळतो तसा लगेच हप्ता पाहिजे का?

आणि कापरेकर मास्तर विसरलात. देवळालीत शाळेत शिकवायचे. चार अंकी आकडा घ्या, चारही अंक एकच नकोत. मोठ्यातला मोठा करून त्यातून छोट्यातला छोटा वजा करा, आलेल्या आकड्याचं पुन्हा तेच. पुराचं साल २०१९ घेऊन बघा: ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१. मग ९६२१, मग ८३५२, मग ६१७४. तिथं गाडी थांबते. कुठलाही आकडा घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. याचा उपयोग काय? काही नाही. जगभर लोक अजून खेळतायत.

वाळव्याचा गडी
सर, कापरेकरांचं नाव घेऊन तुम्ही माझंच काम केलंत. ते शाळामास्तर होते, पीएचडी नाही, प्रमोशनची फाईल नाही. आवड होती म्हणून केलं. तुमच्यात आवडीनं किती जण करतात? २०१० ला यूजीसीनं प्राध्यापकांच्या प्रमोशनसाठी एपीआयचे गुण आणले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना संशोधनाचा उमाळा आला, योगायोगच म्हणायचा.

बेरीज वजाबाकी, सातारा
गुणांचं बोलायचं तर होय, त्या गुणांसाठी मीपण पैसे भरून एक पेपर छापलाय. अडीच हजार. आठ दिवसांत 'स्वीकृत' म्हणून मेल आला, तपासणाऱ्यानं बदललं काय तर माझ्या नावातला एक ऱ्हस्व. झालं समाधान? पण म्हणून बानाख खोटा ठरत नाही.

तासिकेवाला
तुम्हाला प्रमोशनचे गुण तरी आहेत हो. आम्ही सेट परीक्षा, पीएचडी करून अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. मे महिन्यात पगार शून्य, दिवाळीत शून्य. पीएचडीला पेपर छापायची सक्ती होती तेव्हा आम्ही छापले, २०२२ ला सक्ती गेली. मान्य जर्नलांची केअर यादी २०१९ ला आली, त्या यादीतलं जर्नल शोधत फिरलो, २०२५ ला यादीच गेली. आमचं आयुष्य म्हणजे गेलेल्या एसटीच्या मागं पळणं. संशोधनाचा उपयोग नंतर विचारा, आधी जागा भरा.

वाळव्याचा गडी
दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण हा धागा भरतीचा नाही.

तासिकेवाला
सगळे धागे भरतीचेच असतात, तुम्हाला कळत नाही इतकंच.

जतची मराठीवाली
निबंधाच्या मॅडमना हसलात म्हणून लिहिते. माझी शाळा जत तालुक्यात आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला तर चाळीसच्या चाळीस वह्यांत आकाशात काळे ढग, बेडकांचं डराव डराव आणि कागदी होड्या. आमच्याकडं होडी सोडायला पाणी? सगळं गाईडातलं. एकदा विषय बदलून दिला: 'टँकर येतो तेव्हा'. सातवीतल्या एका पोरीनं लिहिलं, पाईप आजी धरते, कारण तिला कोण ढकलत नाही. नऊ ओळी, चौदा चुका. मी लाल पेन बाजूला ठेवला आणि फक्त विचारलं, 'आणि मग आजीचे हात?' दुसऱ्या दिवशी दीड पान आलं. नुसतं व्याकरण शिकवल्यानं लेखन सुधारत नाही, हे अमेरिकेत १९६३ च्या आढाव्यात मांडलं गेलंय. आपल्याकडं याच्यावर कोण काही करत असेल तर त्याला शाल मिळू द्या की.

निवृत्त मास्तर, कराड
लाल पेन बाजूला ठेवला! म्हणूनच आज बोर्डांवर 'आर्शिवाद' लिहिलेलं दिसतं. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला आमच्या शेजारी काल्याला रयत संस्था काढली, तेव्हा अंगात सदरा नसलेली पोरं शुद्ध लिहायला शिकली ती चुका दाखवूनच. ऱ्हस्व-दीर्घ गेलं की भाषा गेली.

जतची मराठीवाली
सर, चौदा चुका नंतर दुरुस्त केल्याच. आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं, तर त्यात चुका असतात.

निवृत्त मास्तर, कराड
बरं. पण पंधरावी राहिली असणार.

आशा, पाटण तालुका
तिसऱ्या पेपरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून बोलते. सर्व्हे कॉलेजचा, फॉर्म भरायला आम्ही आशा सेविका. 'ताई, तुमची ओळख आहे, जरा फिरवा.' मागच्या हंगामात ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर गेले. पहिलाच रकाना घर क्रमांक. कोपीला नंबर कसला? बाई पहाटे चारला उसाच्या फडात जाते, अंधार पडल्यावर येते, आणि फॉर्म भरायची वेळ दहा ते पाच. म्हणजे कोपीवर सापडणार म्हातारी नाहीतर लेकरू. त्यावरून टक्केवारी काढली आणि स्लाईडवर लावली. मी समोर बसले होते, मला कोणी विचारलं नाही.

बेरीज वजाबाकी, सातारा
ताई, हे खरं असेल तर तो पेपर फाडूनच टाकला पाहिजे. पण गडचिरोलीचं बघा. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळ तपासायला शिकवलं, बालमृत्यू मोजले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. तेही घरोघर फिरून मोजणंच होतं.

आशा, पाटण तालुका
माहीत आहे सर. त्यातूनच आमच्या गृहभेटी निघाल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा भेटी, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. सहाचे मिळून अडीचशे रुपये. संशोधनाचा उपयोग झाला, नाही कोण म्हणतं. कोणाला किती झाला ते तुम्ही मोजा, गणितवाले तुम्ही.

हरिपूरचं पेव
हळदीवर कोणी बोलायला तयार नाही. चौथा पेपर एकदम बरोबर आहे. आमचे आजे हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात ठेवायचे, २००५ च्या पुरात पेवं गेली. हळदीवर अमेरिकेत पेटंट घेतलं होतं, शास्त्रज्ञ माशेलकरांनी ते हाणून पाडलं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. जग मानतंय, आणि इथं आमचेच लोक शून्य उपयोग म्हणतात.

कांद्याचं मूळ, सांगली
पेशीशास्त्र शिकवते. काका, पेटंट १९९५ ला दिलं आणि १९९७ ला रद्द झालं ते 'जखमेवर हळद लावतात हे भारतात आधीपासून माहीत आहे' म्हणून. कॅन्सर बरा होतो असं त्यात कुठंही नव्हतं. आणि काचेच्या बशीतल्या पेशी मारणं फार सोपं असतं. त्यावर लिंबाचा रस ओता, मरतील. फिनेल ओता, मरतील. प्रश्न हा की पोटात घेतलेली हळद गाठीपर्यंत पोचते का. हळदीतलं कुरक्युमिन रक्तात नीट उतरतच नाही. शिवाय ते स्वतःच चमकतं, त्यामुळं चमक मोजणाऱ्या चाचण्या फसतात. २०१७ ला एक मोठा आढावा आला: माणसांवरच्या १२० हून जास्त चाचण्या, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही खरं औषध कुठलं ते माहीत नसताना केलेली एकही यशस्वी नाही.

हरिपूरचं पेव
म्हणजे हळद खोटी?

कांद्याचं मूळ, सांगली
हळद खरी. पेपर खोटा म्हणत नाही, पण त्याच्या शीर्षकातला 'कॅन्सर' खोटा.

हरिपूरचं पेव
बाई, चार पुस्तकं शिकलात म्हणून आमच्या पिढ्यांचं वाकडं बोलू नका. हळदीच्या सौद्यात, लिलावात उभं राहून बघा, राजापुरी हळदीचा भाव त्या 'कॅन्सर'वरच टिकलाय. तुमच्यासारख्यांमुळंच शेतकरी मेला.

वाळव्याचा गडी
बघा, आता पेशीवाल्याच म्हणतायत पेपर उपयोगाचा नाही. मी काय वेगळं म्हणत होतो?

कांद्याचं मूळ, सांगली
तुम्ही न वाचता म्हणत होता.

काका, वाकडं बोलले नाही, आता बोलते. माझ्या मामांना जबड्याची गाठ होती. मिरजेत केमो सुरू झाली, दोन सायकली झाल्या. मग कोणीतरी असल्याच एका पेपरची बातमी फॉरवर्ड केली. मामा म्हणाले, सुयांपेक्षा हळद बरी. रोज सकाळी तांब्याभर हळदीचं दूध. तांब्या पिवळा झाला होता, घासून निघत नव्हता. तिसऱ्या सायकलीला गेलेच नाहीत. सहा महिन्यांनी गेले ते खांद्यावरून. भाव टिकतो ते ठीक, पण तो कशावर टिकतो ते मला घरात दिसलंय.

हरिपूरचं पेव
(दोन तासांनी) वाईट झालं. हळद आमच्याकडचीच असेल.

पण मग एक सांगा. तुम्ही लोक बशीत पेशी मारत बसता, आणि पावडरवाले हळदीला लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाचा रंग चढवतात त्यावर का नाही करत? चांगला माल त्या रंगापुढं फिका दिसतो, गिऱ्हाईक आम्हालाच भेसळवाले म्हणतं. शिसं पोटात जातंय लोकांच्या.

कांद्याचं मूळ, सांगली
हे मात्र करता येईल, आणि बशीही लागणार नाही. आम्ही दरवर्षी कृष्णेच्या पाण्यावर करतो तसंच. लोणंदचे कांदे आणतो, बुड तेवढं पाण्याला टेकेल असे ग्लासावर ठेवतो. तीन दिवसांत मुळं सुटतात. सकाळी टोकं कापायची, ॲसिडात गरम करायची, रंग द्यायचा, काचेखाली अंगठ्यानं दाबायचं. कांद्यात सोळा गुणसूत्रं असतात. पाणी घाण असेल तर ती तुटकी, मागं रेंगाळलेली, पुलासारखी ताणलेली दिसतात. बीएस्सीची पोरं आयर्विन पुलाखालचं पाणी आणि घरच्या नळाचं पाणी शेजारी ठेवतात. तिथं कोणी झोपत नाही. हळदीचं पाणी तसंच लावून बघू, पण ती नुसती पहिली चाळणी. शिसं किती ते सांगायला प्रयोगशाळेतलं मशीनच लागेल.

वाळव्याचा गडी
हां, याला मी उपयोग म्हणतो. एक झाला. बाकी तीन बाकी आहेत.

आशा, पाटण तालुका
तिसऱ्याचा फॉर्म मी नवा करून देते. पहिला रकाना घर क्रमांक नाही, कोयता कोणाचा.

बेरीज वजाबाकी, सातारा
गडी, तुम्ही नकाशा चुरगाळून टाकला का?

वाळव्याचा गडी
नातवानं टाकला. वर बसून बिंदू शोधतोय. दोन तास झाले, सापडला नाही, पण उठतही नाही. याचं बिल तुम्हाला लावू का?

तासिकेवाला
हळदीच्या पेपरला गुण किती मिळणार मॅडम?

कांद्याचं मूळ, सांगली
शून्य. कुठं छापायचा तेच अजून ठरेना. काका, सोमवारी सौद्याला येते. पाच-सहा दुकानांची पावडर वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवा, वर दुकानाचं नाव नको, नुसता नंबर टाका.

हरिपूरचं पेव
ठेवतो. माझीपण ठेवतो, नंबर मलाच माहीत.