महोत्सवाची तिकिटे दुकानातून प्रत्यक्ष घ्यायची आहेत, मदत हवी आहे

सेलूकर
महोत्सवाची तिकिटे आणि स्मृतिवस्तू एकाच दुकानात मिळतात असे कळले आहे. ते दुकान नेमके कोठे आहे, किती वाजता उघडते आणि तेथे रोख पैसे देऊन तिकीट मिळते का, एवढीच माहिती मला हवी आहे. मोबाईलवरून तिकीट काढताना खात्यातून पैसे वजा झाले, मात्र तिकीट आले नाही, आणि त्या संकेतस्थळाचा मदत क्रमांक कोणी उचलत नाही. आम्हाला परवा निघायचे आहे, त्यामुळे ज्यांना खात्रीने माहीत आहे त्यांनी कृपया आजच उत्तर द्यावे.

पानदरिबा
ताई, आपण शहराचे नाव लिहिलेले नाही, महोत्सवाचे नाही आणि किती जणांसाठी तिकिटे हवी आहेत हेही नाही. या दिवसांत निघण्याची घाई आहे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा वेरूळ-अजिंठा महोत्सव असावा, असे धरून लिहितो. तिकीट विक्रीची ठिकाणे दर वर्षी तीच राहतील असे नाही, म्हणून गेल्या वेळच्या पत्त्यावर विसंबून निघू नका. स्थानिक वर्तमानपत्रात यंदाची यादी येते, ती पाहून घ्या. मागे मी गावातल्या एका दुकानातून तिकिटे घेतली होती. तेथे एका टेबलावर तिकिटे आणि बाजूच्या मांडणीवर शाली, बिदरीच्या डब्या, लेण्यांच्या प्रतिकृती अशी मांडणी होती. रोख रक्कम चालली, मात्र पुढच्या रांगांची तिकिटे त्या टेबलावर नव्हतीच. आपल्याला कोणत्या रांगेची हवी आहेत?

सेलूकर
होय, तोच महोत्सव. आई आणि मी, दोघीच आहोत. शेवटच्या दिवसाचे शास्त्रीय गायन ऐकायचे आहे.

गोदाकाठ
वजा झालेल्या पैशांची चिंता करू नका. यूपीआयने दुकानदाराला किंवा संकेतस्थळाला दिलेली रक्कम त्यांच्यापर्यंत पोहोचली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ती ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळायला हवी. व्यवहार क्रमांकासह आपल्या बँकेकडे लेखी तक्रार नोंदवून ठेवा. दुकानातल्या टेबलावर ही तक्रार मांडू नका. तेथे बसलेल्या मुलांकडे केवळ छापील तिकिटांचे पुस्तक असते, संकेतस्थळाचा हिशोब नसतो.

लेणीवेडा
माझ्या मते खरा प्रश्न तिकिटाचा नाहीच. हा महोत्सव पूर्वी वेरूळला कैलास लेण्याच्या सान्निध्यात होत असे, आणि ज्यांनी तो तेथे पाहिला आहे त्यांना सोनेरी महालाच्या प्रांगणात तसे समाधान मिळत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी वरून खाली कोरत आणलेले ते मंदिर मागे उभे असताना घेतलेला षड्ज कानांत वेगळाच उतरतो. महोत्सव पुन्हा वेरूळला न्यावा, यासाठी रसिकांनी निवेदन दिले पाहिजे.

पानदरिबा
आपली तळमळ समजते, परंतु हजारो लोकांची गर्दी, ध्वनिक्षेपक आणि झगझगीत दिवे त्या शिल्पांच्या अंगावर दर वर्षी कशासाठी आणायचे? सोनेरी महालही काही कालच्या बांधणीचा नाही, सतराव्या शतकात बुंदेल सरदाराने बांधलेली ती वास्तू आहे आणि आत पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. आता ताईंच्या प्रश्नाकडे वळू या. ताई, आईंचे वय काय, आणि रात्री परत जाणार की मुक्काम करणार?

सेलूकर
आईचे वय ७४ आहे. गुडघे दुखतात, जास्त चालवत नाही. सकाळी मराठवाडा एक्सप्रेसने येऊन रात्री परतण्याचा विचार होता. दुकान कोठे आहे हे अजून कोणीच सांगितलेले नाही.

गोदाकाठ
मराठवाडा एक्सप्रेस संध्याकाळीच परतीला लागते आणि महोत्सवाचे मुख्य गायन त्यानंतर कोठे रंगात येते. मुक्काम अटळ आहे. सोनेरी महाल शहराच्या उत्तर टोकाला, विद्यापीठाच्या परिसरात डोंगराच्या पायथ्याशी आहे. रेल्वे स्थानक दक्षिणेला. त्यामुळे खोली स्थानकाजवळ न घेता मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास घ्या, म्हणजे रात्री रिक्षाचे अंतर कमी होईल. त्या मोकळ्या पटांगणात रात्री गारठा झोंबतो, तेव्हा आईंना कानटोपी आणि जाड शाल हवीच.

हातमागप्रेमी
शालीचा विषय निघाला आहे म्हणून स्पष्ट लिहितो. तिकिटाच्या टेबलाशेजारी मांडलेली शाल घेऊ नका. मी स्वतः एका दुकानातून हिमरू, म्हणजे सूत आणि रेशमाची इथली नक्षीदार वीण, म्हणून घेतलेली शाल यंत्रमागाची निघाली. शहरात हिमरूचे थोडे हातमाग अजून चालू आहेत, जाफर गेटच्या बाजूला चौकशी करा आणि मागावर विणताना पाहूनच घ्या.

निवृत्त_शिक्षक
एवढी धावपळ कशासाठी? सिल्क मार्कची खूणचिठ्ठी असलेली पैठणी घ्यावी आणि निश्चिंत राहावे. आमच्या घरात सर्व लग्नांत हेच केले.

हातमागप्रेमी
सर, आदरपूर्वक सांगतो, सिल्क मार्क म्हणजे कापड शुद्ध रेशमाचे असल्याची खात्री. ते हातमागावर विणले आहे असे ती खूण सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळतो. हातमागासाठी हँडलूम मार्क ही वेगळी खूण आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे, तेव्हा विक्रेत्याकडे त्याचा कागद मागावा. चिठ्ठ्यांपेक्षा मी कापड उलटून पाहण्यावर भर देतो. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरता जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकून मागे फिरतो. मागे कापलेल्या धाग्यांचे केस लोंबत असतील, तर ती साडी खाली ठेवावी. हिमरूला मात्र हीच कसोटी लावाल तर फसाल. हिमरूत सुती ताणा (उभे धागे), रेशमी बाणा (आडवे धागे) आणि नक्षीसाठी जादा बाण्याचा धागा असतो. नक्षी नसते तेथे तो धागा मागच्या बाजूने मोकळा वाहत जातो. तेव्हा हिमरूच्या पाठीवर सुटे धागे दिसणे हा दोष नव्हे, ती त्या विणीची रीतच आहे. म्हणूनच केवळ पाठ पाहून हातमागाचा हिमरू आणि यंत्राचा हिमरू वेगळा करणे सामान्य ग्राहकाला अवघड जाते, आणि म्हणूनच मी मागावर जा म्हणतो.

निवृत्त_शिक्षक
माहिती पटली. तरीही ७४ वर्षांच्या माउलीला जाफर गेटच्या गल्लीबोळांतून फिरवणे मला योग्य वाटत नाही. त्यांना एखादी बिदरीची डबी घेऊन द्यावी, ती वर्षानुवर्षे टिकते. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणावर चांदीची तार ठोकून बसवतात, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या द्रावणाने धातू काळा होतो, चांदी तेवढी पांढरी राहते. नखाने चांदीच्या कडेला हलकेच खरवडून पाहावे. वरून रंग दिलेला असेल तर निघतो.

लेणीवेडा
दुसऱ्या दिवशी वेरूळला जाऊन या, तेथील दुकानांतही हे सर्व मिळते. महोत्सव सोमवारी संपत असेल तर मात्र लक्षात ठेवा, मंगळवारी वेरूळ लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो.

सेलूकर
आईला इतके फिरवता येणार नाही. कृपया तिकिटाबद्दल लिहा.

पानदरिबा
आज संध्याकाळी माझा भाऊ क्रांती चौकाकडे गेला होता, त्याने यंदाच्या एका विक्री केंद्रावर चौकशी केली. शेवटच्या दिवसाची मधल्या विभागाची तिकिटे आहेत, रोख चालते, आणि उद्या दुपारपर्यंत ती संपतील असे तेथील मुलीने सांगितले. आपण परवा पोहोचणार असाल तर उशीर होईल. आपली संमती असेल तर भाऊ उद्या सकाळी दोन तिकिटे घेऊन ठेवील. मधल्या मार्गालगतच्या खुर्च्या मागायला त्याला सांगतो, म्हणजे आईंना रांगेतून अंग चोरून जावे लागणार नाही. पैसे भेटल्यावर द्या. केंद्राचा पत्ता आपल्याला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.

सेलूकर
कृपया घेऊन ठेवा, आपले आणि आपल्या भावाचे मनापासून आभार. मुक्कामाची खोलीही बसस्थानकाजवळ पाहते. आईला विचारले, तिला हिमरूच हवा आहे. तिच्या आईकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा थेट मागाच्या दारापर्यंत नेईन. ती शाल घरी धुता येते का?

हातमागप्रेमी
घरी धुऊ नका, ड्राय क्लीनिंगलाच द्या. मलमलच्या स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा, डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवर रेशीम चिरते. रिक्षावाल्याला जाफर गेटच्या अलीकडे थांबवून आधी एकटीने आत विचारून या, कारण सकाळी लवकर माग चालू असेलच असे नाही.