गुलमर्गला स्नोमोबाइल: हिमस्खलनाची काळजी कोणी घ्यायची?

प्रश्न (नाशिक रोड):
जानेवारीत आम्ही चौघे गुलमर्गला जाणार असून, ठरलेली वाट सोडून अफरवटच्या उतारांवर स्नोमोबाइल नेण्याचा दोघांचा आग्रह आहे. अनुभवी चालक सोबत असताना हिमस्खलनाची काळजी आम्हीही करायला हवी का?

उत्तर (हरिहर-अंजनेरीचा जुना भटक्या):
हवी, आणि ती निघण्यापूर्वीच. बहुतेक जीवघेण्या घटनांत हिमाचा थर सरकतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने. त्यामुळे निसर्गाच्या कोपाकडे बोट दाखवून हात झटकता येत नाहीत. धोका मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर असतो आणि स्नोमोबाइल तिथे मिनिटांत पोहोचते. (आपल्या गडांवर निदान दम लागल्यावर तरी माणूस थांबून विचार करतो.) उतारावर एका वेळी एकच गाडी न्यावी, ती रुतली तरी दुसरी वर पाठवू नये आणि इतरांनी पायथ्यापासून दूर थांबावे.

प्रश्नकर्ता:
बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी प्रत्येकाने अंगावर बाळगायचे रेडिओ-संदेशाचे यंत्र) भाड्याने घेतले तर पुरेल का?

उत्तर (पंचवटी):
नाही. शोधकाठी आणि फावडेही प्रत्येकाच्या पाठीवरच हवे. गाडीला बांधलेले सामान गाडीबरोबरच गाडले जाते. साधारण १५ मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते आणि तेवढ्या वेळात बचाव पथक क्वचितच पोहोचते, म्हणून शोधायचे ते सोबत्यांनीच. यंत्र हाती येताच पुरलेले बीकन शोधण्याचा सराव करा आणि चंडीगडच्या डीजीआरई या संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज सकाळी पाहा. आग्रही दोघांना हे निघण्यापूर्वी, नाशकातच सांगा.