आमूनच्या पुरोहितांनी फेअरोची सत्ता गिळली का?

मूळ मांडणी

प्राचीन इजिप्तच्या थीब्ज शहरातील कर्नाकच्या देवळात नवव्या रामसेस या फेअरोच्या, म्हणजे राजाच्या, काळातील एक शिल्प आहे. त्यात आमून या देवाचा मुख्य पुरोहित आमेनहोतेप राजाकडून सन्मान स्वीकारतो आहे आणि त्याची आकृती राजाच्याच उंचीची कोरलेली आहे. ज्या कलेत माणसाचा दर्जा आकृतीच्या उंचीवरून कळतो, तिथे ही बरोबरी अनवधानाने झाली असेल असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे असे की, नव्या राज्याच्या काळात (सुमारे इ.स.पू. १५५० ते १०७०) राजघराण्याने आपल्याच हातांनी आपला प्रतिस्पर्धी उभा केला. तिसऱ्या थुतमोसने आपल्या मोहिमांतील लुटीचा मोठा वाटा आमूनला वाहिला आणि पुढच्या राजांनी तोच शिरस्ता चालवला. हॅरिस पपायरस या प्राचीन लेखपटात तिसऱ्या रामसेसने देवस्थानांना दिलेल्या दानांची मोजदाद आहे. त्यात एकट्या थीब्जच्या आमूनच्या नावावर ८६,४८६ माणसे, ४,२१,३६२ जनावरे, ८३ नौका आणि सुमारे २,४०० चौरस किलोमीटर जमीन दाखवली आहे. त्यानंतर शंभर वर्षे उलटण्याच्या आतच हेरिहोर या मुख्य पुरोहिताने कर्नाकमधील खोन्सू या देवाच्या देवळात आपले नाव राजाप्रमाणे लंबवर्तुळाकार चौकटीत कोरून घेतले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने कारण द्यावे.

प्रतिसाद १

कारण देतो. आपण राजसत्ता आणि धर्मसत्ता या दोन वेगळ्या संस्था आहेत असे गृहीत धरून सुरुवात केली आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. इजिप्तमध्ये तत्त्वतः पुरोहित एकच होता, तो म्हणजे फेअरो. देवळांच्या भिंतींवर नैवेद्य दाखवणारा हात राजाचाच असतो, आणि रोज पहाटे गाभारा उघडणारा पुरोहितदेखील आपल्याला राजानेच देवदर्शनाला पाठवले आहे असे म्हणूनच आत पाऊल टाकत असे. बहुसंख्य पुरोहित तर पाळीने सेवा करणारे होते. चार पाळ्यांपैकी आपली पाळी आली की महिनाभर देवळात राहायचे आणि ती संपली की घरी परतायचे.

मुख्य पुरोहित कोण नेमत असे, हेही पाहावे. दुसऱ्या रामसेसने कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी नेबवेनेनेफ याला हे पद दिले. नेबवेनेनेफच्या थडग्यातील लेखानुसार राजाने उमेदवारांची नावे देवापुढे ठेवली आणि देवाने याच नावाला कौल दिला. मग राजाने त्याच्या हाती सोन्याच्या मुद्रिका आणि दंड दिला. हा माणूस थीब्जचा नव्हता, आधी तो थिनिसच्या ओनुरिस देवाचा मुख्य पुरोहित होता. प्रतिस्पर्धी संस्थेचा प्रमुख राजा असा बाहेरून आणून बसवू शकत नाही.

शिवाय हॅरिस पपायरस हा देवळाचा हिशेब नव्हे. ती मृत राजाच्या तोंडी घातलेली, त्याच्या मुलाच्या गादीला बळकटी देणारी दरबारी कागदपत्रे आहेत. देवळाची कोठारे ही राज्याचीच कोठारे होती. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी राजांची थडगी बांधणाऱ्या देर एल-मेदिना या वस्तीतील कारागिरांचा शिधा थकला, तेव्हा ते काम सोडून जुन्या राजांच्या स्मारक-देवळांपाशी जाऊन बसले आणि कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे फेअरोला कळवा, असे त्यांनी सांगितले. ते बसले देवळापाशी, पण गाऱ्हाणे राजाकडे केले.

प्रतिसाद २

वरील उदाहरण मला उलट दिशेने बोलके वाटते. गाऱ्हाणे राजाकडे गेले, परंतु धान्य देवळात होते, हे त्या भुकेल्या माणसांना नीट ठाऊक होते. तत्त्व राजाचे आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती फार काळ टिकत नाही.

नेबवेनेनेफचा दाखला खरा आहे, पण तो सामर्थ्यवान राजाच्या काळातला आहे. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी रामसेसनख्त मुख्य पुरोहित झाला. त्याचा पिता करवसुलीचा वरिष्ठ अधिकारी होता आणि एक मुलगा आमूनच्या मालमत्तेचा कारभारी होता. चौथ्यापासून पुढे एकामागून एक रामसेस गादीवर येत-जात राहिले, हे घराणे मात्र जागचे हलले नाही; आपण उल्लेखिलेला आमेनहोतेप हा त्याचाच मुलगा. नेमणुकीचे पद असे वतन होऊन बसले, म्हणजे राजाच्या हाती फक्त मुद्रिका देण्याचा समारंभ उरतो.

प्रतिसाद ३

या चर्चेत सैन्य कुठे आहे? आमेनहोतेपला नऊ महिने पदावरून दडपून ठेवले गेले होते, अशी साक्ष थडगेचोरीच्या खटल्यांच्या कागदांत आहे. एवढ्या जमिनी आणि एवढी माणसे पाठीशी असताना तो स्वतःचे रक्षण करू शकला नाही. त्या धामधुमीत इजिप्तच्या दक्षिणेकडील नूबिया प्रांताचा राजप्रतिनिधी पानेहसी आपले सैन्य घेऊन थीब्जमध्ये होता. हेरिहोर मुख्य पुरोहित होता, तसाच तो सेनापतीही होता, आणि ही दुसरी पदवी मूळ मांडणीत गाळलेली आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

सेनापतिपद गाळले ही माझी चूक, आणि ती लहान नाही. आमेनहोतेपच्या नऊ महिन्यांचा विचार केल्यावर, केवळ देवस्थानच्या संपत्तीने राज्य हाती आले हे माझे विधान मी मागे घेतो.

पण खोन्सूच्या देवळातील त्या चौकटीकडे पुन्हा एकदा पाहावे. राज्याभिषेकाचे नाव जिथे कोरायचे, तिथे हेरिहोरने ‘आमूनचा मुख्य पुरोहित’ ही पदवीच नाव म्हणून कोरली आहे. त्याच्या हाती तलवार होती, त्याला सैन्याची पदवीही मिरवता आली असती. अकरावा रामसेस जिवंत असताना राजा म्हणून उभे राहण्यासाठी त्याला पुरोहितपदाचाच आधार पुरेसा वाटला. पहिल्या प्रतिसादातील म्हणण्याप्रमाणे पुरोहित हा केवळ राजाचा प्रतिनिधी असता, तर प्रतिनिधीची पदवी राजनाम कशी होऊ शकली, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.