मदत हवी आहे: शाकाहारी आईला घेऊन पोर्तुगाल-स्पेनमध्ये काटेरी फुलाचं चीज शोधायचंय

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून तीन आठवडे मी आणि आई पोर्तुगाल आणि स्पेनचा पश्चिम भाग फिरणार आहोत. विमानाची तिकिटं काढून झालीत, बाकी सगळं कच्चं आहे. लिस्बनमध्ये काय बघावं यावर भरपूर वाचायला मिळतं, त्यामुळे ते विचारत नाही. मला फक्त चीजबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, पण मागची गोष्ट कळल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आई ७१ वर्षांची आहे. अंडंसुद्धा खात नाही. पण दुधातलं तिला जेवढं कळतं तेवढं मी कुणाला कळलेलं पाहिलं नाही. श्रीखंडाचा चक्का अजून घरीच पंचात बांधून टांगते, आणि दही बोटाला लावून सांगते की म्हशीच्या दुधात गाईचं मिसळलंय. २०१९ साली आम्ही स्वित्झर्लंडला गेलो, तेव्हा ग्रुयेर भागातल्या एका डोंगरावरच्या चीजघरात मी तिला हौसेने नेलं. तांब्याची मोठी कढई, कोमट दूध, ते फाटल्यावर तारेच्या चौकटीने हलक्या हाताने कापणं, सगळं ती डोळे न हलवता बघत होती. आदले दोन दिवस तिने तिथलं चीज आवडीने खाल्लं होतं. मग तिने एका छोट्या भांड्यातल्या तपकिरी पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय घालतात? तिथल्या मुलाने सरळ सांगितलं: वासराच्या चौथ्या पोटातून काढलेलं विरजण, म्हणजे दूध घट्ट करणारं रेनेट. मी मराठीत सांगताना अडखळले, आणि तिला तिथेच कळलं. हातातला चीजचा तुकडा तिने कागदी रुमालात घडी घालून गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. फेकला नाही, कारण समोरच्या मुलाला वाईट वाटलं असतं. पुढचे चार दिवस पाव आणि टोमॅटो.

मला एका शब्दानेही बोलली नाही. पुण्याला परत आल्यावर एकदा खरवस करता करता म्हणाली, "चीक आपण वासराचं पोट भरल्यावर उरलेला घेतो गं. तिथे वासरूच उरत नाही." तेव्हापासून हे माझ्या मनात आहे. तो दोष त्यांचा नव्हता, त्यांची पद्धत शेकडो वर्षांची आहे. चौकशी मी करायला हवी होती.

नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की युरोपातली बहुतेक नावाजलेली चीज अशीच बनतात. ग्रुयेर, कोंते, पार्मिजानो रेज्जानो यांना वासराचं विरजण, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. नियमातच तसं लिहिलेलं असल्यामुळे "आमच्यासाठी वेगळं आहे का" असं विचारून उपयोग नाही. बुरशीपासून केलेल्या विरजणाचं चीज सुपरमार्केटात सगळीकडे मिळतं हे मला माहीत आहे, कृपया तो सल्ला नको. आईला मेंढपाळाच्या घरचं, हाताने केलेलं चीज खायचंय, आणि ते केलेलं बघायचंय.

आणि ते एका फुलाने होतं! पोर्तुगालमध्ये आणि स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात मेंढीचं दूध कार्दु नावाच्या रानटी काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात. आर्टिचोकचं हे रानटी भावंड. फूल जांभळं, खाली काटेरी बोंड. फोटो दाखवला तर आई म्हणाली, हा तर आपला उटकटारा. तो नाही, पण कूळ एकच, आणि आपली करडईही त्याच कुळातली. फुलातले जांभळे तंतू खुडून वाळवतात, मिठाबरोबर कुटतात किंवा पाण्यात भिजत घालतात, आणि ते गाळलेलं पाणी दुधात घालतात. त्यातली पाचकद्रव्यं दुधातलं प्रथिन वासराच्या विरजणापेक्षा जास्त मोडतात. म्हणून हे चीज आतून लोण्यासारखं सैल राहतं, आणि मागे किंचित कडसर चव राहते.

यातलं सर्वांत जुनं नाव सेरा दा इश्त्रेला, मध्य पोर्तुगालच्या डोंगराळ भागातलं. बोर्दालेइरा आणि शुर्रा मोंदेगेइरा या तिथल्याच जातींच्या मेंढ्यांचं कच्चं दूध, मीठ आणि कार्दु, चौथं काही नाही. युरोपीय संघाने १९९६ साली याला भौगोलिक संरक्षण दिलं. निदान ३० दिवस मुरवतात. त्या दिवसांत चीज पसरू नये म्हणून कडेने कापडाची पट्टी गुंडाळतात. ती पट्टी बघून आईने मला विचारलं, "पंचा का?" खरंच तशीच आहे. १२० दिवसांहून जास्त मुरलेलं कडक होतं, त्याला वेल्यु म्हणतात. दूध हिवाळ्यात असतं आणि चीजच्या जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात, म्हणून आम्ही हेच दिवस धरले.

दुसरं आझेइतांव, लिस्बनच्या दक्षिणेला, आराबिदा डोंगराच्या पायथ्याशी. मुठीएवढ्या छोट्या गोळ्या. सांगतात की १९व्या शतकात मध्य पोर्तुगालातून आलेल्या एका माणसाला घरच्या चीजची इतकी आठवण यायची, की त्याने तिकडच्या मेंढ्या मागवल्या. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी खिडकीत कढीपत्ता लावावा तसं वाटतं. दक्षिण पोर्तुगालच्या अलेंतेजु भागात सेर्पा आणि एव्होरा आहेत, तीही कार्दुचीच. स्पेनमध्ये तोर्ता देल कासार आणि ला सेरेना. तोर्ता तर म्हणे मुळात बिघडलेलं चीज. आतून घट्ट न झाल्यामुळे ते बसून भाकरीसारखं चपटं व्हायचं, आणि आता लोक त्याचसाठी येतात. वरची साल झाकणासारखी कापायची आणि आत पाव बुडवायचा.

आता प्रश्न.

सेराच्या भागात सेइया, गोव्हेइया, सेलोरिकु दा बेइरा, मान्तेइगास अशी गावं दिसतात. सेलोरिकुमध्ये चीजला वाहिलेलं एक जुनं घर आहे, तिथे चव बघता येते असं वाचलं. पण चीज करताना बघायला मिळेल अशा छोट्या ठिकाणी कुणी गेलंय का? सकाळी किती वाजता जावं लागतं, आधी फोन करावा लागतो का, आणि पोर्तुगीज येत नसेल तर भागतं का? गाडी भाड्याने घ्यायची माझी तयारी आहे, पण मार्चमध्ये त्या घाटात बर्फ असतं का? आईला वळणाच्या रस्त्याचा त्रास होतो, त्यामुळे मुक्काम खाली एका गावात ठेवून रोज वर जाणं बरं की वरच राहणं बरं, हेही सांगा.

दुसरं, भाषेचं. पोर्तुगीजमध्ये विरजणाला क्वाल्यु आणि स्पॅनिशमध्ये क्वाखो म्हणतात एवढं कळलंय. लेबलवर "कार्दु" दिसलं की निर्धास्त व्हायचं, की कुठे कुठे दोन्ही विरजणं मिसळतात? छोट्या हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह आणि चीजची वाटी न मागता टेबलावर ठेवतात. त्यातलं ताजं पांढरं चीज कार्दुचं असेलच असं नाही. ते नम्रपणे परत कसं करावं? आणि स्पेनमध्ये काही चीज डुकराच्या चरबीत मुरवतात, म्हणजे फूल बघूनही चूक होऊ शकते. चरबी ओळखण्याची काही खूण आहे का?

तिसरा प्रश्न डॉक्टर मंडळींसाठी. ही सगळी कच्च्या दुधाची चीज आहेत. वयस्कर माणसांनी कच्च्या दुधाचं मऊ चीज जपून खावं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आईला मधुमेह आहे, बाकी तब्येत उत्तम. मऊ न देता फक्त वेल्यु किंवा एव्होरासारखं कडक दिलं तर धोका खरंच कमी होतो का? आमच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्यांना या चीजची माहिती असेल असं वाटत नाही. आईने यासाठी इतकी वर्षं वाट बघितलीय, त्यामुळे "नकोच" हे उत्तर मला नीट कारणासकट हवंय.

स्पेनमधल्या कासेरेस शहराजवळच्या, तोर्ताच्या कासार गावात चीजचं छोटं संग्रहालय आहे. तिथे गेलेलं कुणी असेल तर अर्धा दिवस पुरतो का ते सांगा. कासेरेसहून तिथे बस जाते का?

आणि शेवटचं आईचं आहे, माझं नाही. तिला कार्दुची वाळलेली फुलं हवी आहेत. भोरजवळ आमच्या ओळखीच्या एका धनगर कुटुंबाच्या मेंढ्या आहेत, त्यांच्याकडून दोन लिटर दूध आणून घरी एकदा करून बघणार म्हणते. गाईच्या दुधाला हे फूल घातलं तर फार कडू होतं असं मी वाचलं, मेंढीच्या दुधाला मात्र मानवतं. तिथल्या बाजारात ही फुलं सुटी मिळतात का? मुंबई विमानतळावर वाळलेली फुलं सामानातून आणू देतात का, की आधी काही कागद करावे लागतात? तिने पंचा आत्ताच धुऊन वेगळा काढून ठेवलाय.