सल्ला हवा: दुकानातला पीसी विंडोज ११ घेत नाही, बजेट ३००० रुपये

टंकमित्र:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टासमोर माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. पीसी २०१८ चा, असेंबल्ड. आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क. विंडोज १० प्रो, ओरिजिनल. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला म्हणून ११ वर जायचे ठरवले, तर तपासणीचे अ‍ॅप म्हणते की टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही आणि सिक्युअर बूटही (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) नाही. ज्याने पीसी जोडून दिला तो आता दुसऱ्या धंद्यात आहे.

कामे म्हणजे प्रतिज्ञापत्रे, करारनामे, लग्नपत्रिका. सध्या नगरपालिकेची निवडणूक लागल्यामुळे हँडबिलेसुद्धा. श्रीलिपी (मराठी फाँटचे सॉफ्टवेअर) आहे, तिचे लॉक यूएसबीला असते, ते लावल्याशिवाय ती चालत नाही. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली भरपूर. यातले काही बंद पडले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. बजेट ३०००. नवीन पीसी सुचवू नये ही विनंती.

कोथरूडकर:
नवीनच घ्या. सात वर्षांच्या मशीनवर पैसे घालणे म्हणजे पैसे वाया. मी मॅक मिनी घेतला, आवाज नाही, वीज नाही, अपडेटची कटकट नाही. एकदाच काय ते ५०-६० हजार जातात.

टंकमित्र:
साहेब, बजेटमध्ये एक शून्य जास्त वाचलेत का?

वऱ्हाडी_ठेचा:
काऊन एवढं टेन्शन घेता भाऊ? माह्या दुकानात अजून विंडोज ७ आहे. नेट लावतच नाही. जीएसटीचं काम मोबाइलवर, टायपिंग पीसीवर. व्हायरस येईन कुठून?

लोकलकर:
गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून येतो. टायपिंगच्या दुकानातल्या पीसीला पेनड्राइव्ह लावणे म्हणजे गावजेवणात एकाच ताटात सगळ्यांनी जेवणे. आमच्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून माझ्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन आले होते.

मिंटवाला:
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. ८ जीबी रॅमवर पळतो. आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फायली उघडते. मी घरातले चारही पीसी मिंटवर आणले, बायकोसुद्धा वापरते.

टंकमित्र:
श्रीलिपीचे लॉक मिंटवर चालेल का?

मिंटवाला:
जुने फाँट सोडून युनिकोडवर यायला काय हरकत आहे? २०२५ चालू आहे.

रेमिंग्टन६५:
हे बोलणे सोपे आहे. मी आयुष्यभर टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. ज्याच्या बोटांत रेमिंग्टन (टाइपरायटरचा कीबोर्ड) बसलाय त्याला इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) शिकायला सांगणे म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने लिही म्हणणे. आणि पत्रिकेतली जोडाक्षरे आणि कलाकुसरीचे फाँट युनिकोडमध्ये किती मिळतात ते आधी मोजा. जुन्या फाँटची फाइल ड्रॉमध्ये उघडेल हो, पण मांडणी जागची हललेली असेल. वधूचे नाव वराच्या खाली गेले तर पत्रिका परत येते, पैसे येत नाहीत.

चष्मिश:
अवांतर: विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे) २०१९ पासून आयताच येतो. इनस्क्रिप्ट शिकायचीही गरज नाही.

रेमिंग्टन६५:
फोनेटिक हे टायपिंग नव्हे. पुढे बोलत नाही.

बायोसभाऊ:
कुणी प्रश्न वाचला का? आय३-८१०० आठव्या पिढीचा आहे, म्हणजे ११ च्या यादीत काठावर का होईना पास. त्यात टीपीएम असते, प्रोसेसर-चिपसेटच्या आतच, इंटेल त्याला पीटीटी म्हणते. बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ते बंद असणार, बहुतेक असेंबल्ड पीसींमध्ये तसेच असते. रीस्टार्ट करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, पीटीटी शोधून चालू करा. सेव्ह करून परत विंडोजमध्ये आलात की रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाका, २.० दिसले पाहिजे.

सिक्युअर बूटला लगेच हात लावू नका. आधी रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकून बायोस मोड लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी) ते इथे सांगा.

(मोबाइलवरून देवनागरीत लिहितोय, टाकताना इंग्रजीतच टाका.)

पीसीवाला_मिरज:
एवढा घोळ कशाला? बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा पर्याय) बंद करा, सिक्युअर बूट चालू करा, झाले. मी माझ्या मशीनवर असेच केले.

कोथरूडकर:
रच्याकने, मॅक मिनीला विद्यार्थ्यांसाठी सवलत असते. घरात कुणी कॉलेजात असेल तर बघा.

टंकमित्र:
पीटीटी सापडले आणि २.० दिसतेय. बायोस मोड लेगसी आहे. पण मिरजवाल्यांचे वाचून सीएसएम बंद केले आणि आता काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढेच. दुकानात तीन माणसे उभी आहेत!!

बायोसभाऊ:
सीएसएम परत चालू करा, होता तसा उघडेल. डेटा कुठेही गेलेला नाही.

टंकमित्र:
उघडला. पाणी प्यायलो.

पीसीवाला_मिरज:
माझ्याकडे चालले म्हणून सांगितले. तुमचा बोर्ड हलका असेल.

बायोसभाऊ:
बोर्डाचा संबंध नाही. तुमची डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) होती, यांची एमबीआर (जुनी) आहे. यूईएफआयला एमबीआर डिस्कवरून विंडोज उचलता येत नाही, म्हणून सीएसएम बंद केले की बूटच सापडत नाही. आधी डिस्कची पद्धत बदलायची, मग सीएसएम. ती बदलायला विंडोजमध्येच साधन आहे, एमबीआर२जीपीटी नावाचे, डेटा न उडवता बदलते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, नाव टाका, मग स्लॅश व्हॅलिडेट, मग स्लॅश अलाऊफुलओएस. हे नुसते तपासते, बदलत काही नाही.

टंकमित्र:
'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क ०' असे येतेय.

बायोसभाऊ:
वाटलेच होते. डिस्क मॅनेजमेंट उघडा. ई ड्राइव्हभोवती हिरवी चौकट आहे का?

टंकमित्र:
आहे. सी मध्ये विंडोज, डी मध्ये धंदा, ई मध्ये मुलाचे गेम आणि नातेवाइकांच्या लग्नाचे व्हिडिओ.

बायोसभाऊ:
हिरवी चौकट म्हणजे एक्सटेंडेड पार्टिशन, डिस्कचा असा भाग ज्याच्या आत आणखी भाग मावतात. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी आणि डी अशी तीन प्रायमरी झाल्यावर विंडोज चौथे पार्टिशन आपोआप एक्सटेंडेडमध्ये टाकते. हे साधन जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालवून घेते आणि एक्सटेंडेड अजिबात नाही. आपल्याकडच्या सी-डी-ई वाल्या बहुतेक पीसींची गाडी इथेच अडते. ई मधले सगळे बाहेरच्या डिस्कवर काढा, ई डिलीट करा, मग उरलेली हिरवी जागाही डिलीट करा, परत व्हॅलिडेट करा.

पण खरे सांगू? तुमच्या जागी मी हे काही करणार नाही. ३००० मध्ये २५६ जीबीची सॅटा एसएसडी बसते. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. सीएसएम बंद करा, एसएसडीवर ११ ताजे टाका, ते स्वतःच जीपीटी करून घेईल. विंडोजचे लायसन बोर्डाला बांधलेले असते, नेटला जोडले की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होईल. सगळे जमले की जुनी डिस्क डेटासाठी जोडा. नाही जमले तर एसएसडी काढा, जुनी लावा, सीएसएम चालू करा, दुकान पाच मिनिटांत सुरू.

लोकलकर:
+१ एसएसडी. माझ्या लॅपटॉपला लावल्यापासून चहा ठेवायला वेळच मिळत नाही.

सांगलीचा_हळदकर:
टीपीएम चालू करा बायोसमधून. बहुतेक बंद असेल.

बायोसभाऊ:
…

एडिसनकर:
इकडे अमेरिकेत लोक ३० डॉलर भरून १० लाच आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट घेतायत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज बॅकअप चालू केले तर ते फुकटही मिळते. फक्त विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ पाहिजे. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. मी बाबांच्या चिंचवडच्या पीसीला इथून बसून करून दिले.

वऱ्हाडी_ठेचा:
म्हणजे मायक्रोसॉफ्टले आपल्या सगळ्या सेटिंग्ज द्यायच्या? नाही बाप्पा.

कोर्टातली_कारकून:
ताजे विंडोज टाकणार असाल तर एक गोष्ट इथे कुणी सांगितली नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट मूळ साच्यात येत नाहीत, ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' म्हणून वेगळे घ्यावे लागतात. आमच्या ऑफिसात नवीन मशीन आले तेव्हा मंगलमधले सगळे मसुदे निर्मला यूआयमध्ये उघडायला लागले. अक्षराची उंची वेगळी, त्यामुळे तीन पानांचे प्रतिज्ञापत्र चौथ्या पानावर सांडायचे आणि स्टँपपेपरवर छापताना सहीची जागा भलतीकडे. मशीनच खराब म्हणून ते परत पाठवायला निघाले होते.

टंकमित्र:
ताई, हे सोन्यासारखे सांगितलेत. माझे सगळे करारनामे मंगलमध्येच आहेत.

चष्मिश:
तसेच फाँटचा बॅकअप घेताना सी मधले विंडोज-फाँट्स फोल्डरच फक्त कॉपी करू नका. १० च्या १८०९ आवृत्तीपासून डबल क्लिक करून नुसते इन्स्टॉल दाबले तर फाँट तुमच्या यूजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात जातो. नवीन विंडोजवर टाकताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्या, पेजमेकरच्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरना नुसते इन्स्टॉल दाबून टाकलेला फाँट यादीत दिसत नाही.

रेमिंग्टन६५:
चष्मिश, हे मात्र कामाचे बोललात.

मिंटवाला:
मिंटवर फाँट एका फोल्डरात टाकला की झाले. नुसते सांगून ठेवतो.

गोंयकार:
लॉकबद्दल. म्हापशात आमचे छपाईचे काम आहे. लॉकचा ड्रायव्हर जुना असेल तर ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालचा मेमरी इंटिग्रिटी हा सुरक्षा पर्याय चालू असताना तो लोड होत नाही, सॉफ्टवेअर म्हणते लॉक लावलेलेच नाही. तो पर्याय बंद करण्यापेक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून नवीन ड्रायव्हर मागून घ्या, जुन्या विंडोजवर आधी टाकून बघा. आणि ११ फक्त ६४ बिट येते. सॉफ्टवेअर ३२ बिटचे असले तरी चालते, पण काही जुन्या सीडींचा सेटअप १६ बिटचा असायचा, तो ६४ बिटवर उघडतच नाही. तुमचे आताचे १० कितीचे आहे?

टंकमित्र:
६४ बिट. पेजमेकर यावरच टाकला होता, म्हणजे तेवढी चिंता नाही.

पीसीवाला_मिरज:
रुफस या सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवा, त्यात टीपीएमची अट काढायचा पर्याय आहे. माझ्याकडे चौथ्या पिढीच्या आय५ वर ११ चालते.

बायोसभाऊ:
यांच्या मशीनला ती गरजच नाही, टीपीएम सापडलेय. यादीत बसणाऱ्या मशीनवर चोरवाट कशाला?

पीसीवाला_मिरज:
पर्याय सांगितला. इथे सल्ला दिला की लोक अंगावर येतात.

कोल्हापुरी_झटका:
अंगावर कोण आलंय राव? त्या माणसाचं दुकान बंद पाडलंसा मघाशी.

सावकार_नाशिक:
एसएसडी घेणार असाल तर लवकर घ्या, रॅम आणि एसएसडी दोन्हीचे भाव चढतायत. आणि ११ टाकताना मायक्रोसॉफ्ट खाते वापरले तर डिस्क आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) होऊ शकते, ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हे जास्त मशीनवर होते. त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी की खात्यात जमा होते, ती छापून ठेवा. भाच्याच्या मशीनचा बायोस दुकानदाराने अपडेट केला आणि उघडताना पहिला प्रश्न कीचा. खाते कुठल्या ईमेलवर काढले होते ते घरात कुणालाच आठवेना.

टंकमित्र:
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय सांगतो, कुणी रागावू नये. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे आणि हँडबिले चालू असताना मशीन उघडणार नाही. एडिसनकरांनी सांगितले तसे खात्याने लॉगिन केले, फुकटात नावनोंदणी झाली. १० वरच राहतोय. फाँट चष्मिश म्हणाले तिथून कॉपी करून घेतले, बरेचसे खरोखर अ‍ॅपडेटामध्येच निघाले.

३००० रुपये झेरॉक्स मशीनच्या ड्रमला गेले. कालपासून प्रत्येक कॉपीवर काळी रेघ येत होती.

बायोसभाऊ:
म्हणजे एवढे सगळे लिहून पदरी काय? बरं, निदान निवडणूक झाली की एसएसडी घ्या. आणि आता पीटीटी चालूच आहे, तर ११ चे आमंत्रण स्क्रीनवर दिसले तरी घाईत हो म्हणू नका.

वऱ्हाडी_ठेचा:
ड्रम कोणता टाकला भाऊ? ओरिजिनल का कम्पॅटिबल? माह्याकडेबी रेघ येते.

टंकमित्र:
कम्पॅटिबल. ओरिजिनलच्या किमतीत दोन एसएसडी येतात.

नवीन_सदस्य_०७:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहीत आहे. माझ्या लॅपटॉपवर ११ टाकल्यापासून वायफाय दिसत नाही. कोणी मदत करेल का? बजेट नाही.